सामन्याचा दिवस आणि घरातील स्त्री

२००२, २००६ व २०१० सालच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धांच्या काळात इंग्लंडमधील लँकेशायरच्या पोलिसांकडे कौटुंबिक छळाच्या ज्या तक्रारी आल्या, त्या अभ्यासकांनी तपासल्या. इंग्लंडचा सामना नसलेल्या दिवसांच्या मानाने, संघ हरला त्या दिवशी त्या ३८ टक्क्यांनी अधिक होत्या. पराभवाने पुरुष पिसाळतो, असे आपण चटकन म्हणू. परंतु संघ जिंकला किंवा बरोबरी झाली, त्या दिवशीही वाढ २६ टक्के होतीच! मग दोष पराभवाला कसा द्यावा? सामन्याबरोबर मद्य येते, हे खरे. पण गुत्त्याच्या मालकापुढे हा गृहस्थ बहुधा शुद्धीवर असतो!

आपल्याकडे शेजारच्या घरातून रडणे ऐकू आले, की ‘त्यांचा घरगुती प्रश्न’ म्हणून आपण दार लावून घेतो. वस्तुतः २००५ च्या कायद्यान्वये शेजाऱ्यासही संरक्षण अधिकाऱ्याला वर्दी देता येते, आणि ती सद्भावनेने दिली असल्यास त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही.