उजवा हात आणि एक पाऊल



हृदयात गंभीर दोष घेऊन जन्मलेले बाळ पहिल्या दिवशी बऱ्याचदा ठणठणीत दिसते. रडते, अंगावर पिते, वजनही बरे भरते. स्टेथोस्कोपला मर्मर ऐकू येतेच असे नाही. मग घरी गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते दूध ओढेनासे होते, धापा टाकते, हातपाय गार पडतात. कुणाला वाटते सर्दी झाली, कुणी दृष्ट काढते. दवाखाना गाठेपर्यंत बाळ शॉकमध्ये गेलेले असते.

असे का होते? गर्भात फुप्फुसे कामाला लागलेली नसतात, म्हणून फुप्फुसाच्या धमनीतले रक्त ‘डक्टस आर्टेरिओसस’ नावाच्या लहानशा वाहिनीतून थेट महाधमनीत वळते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ही वाहिनी मिटते, आणि निरोगी बाळात ती मिटायलाच हवी. पण ज्याच्या हृदयाची डावी बाजू वाढलेलीच नाही किंवा ज्याची फुप्फुसाकडे जाणारी वाट बंद आहे, ते बाळ तिच्याच जिवावर तगलेले असते. वाहिनी मिटू लागण्याची वेळ आणि डिस्चार्जची वेळ नेमकी एकच.

अनुभवी डोळ्यांनाही हे कळत नाही. ऑक्सिजनची पातळी ८० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत निळेपणा सहसा नजरेला येत नाही. बाळ सावळे असेल आणि वॉर्डात उजेड अपुरा असेल, तर आणखीच अवघड. ९० टक्क्यांवरचे बाळ पाहणाऱ्याला छान गुलाबी वाटते.

मोजायचे साधन मात्र हाताशी आहे. जपानमधल्या निहोन कोहडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये पल्स ऑक्सिमेट्रीचे तत्त्व मांडले. २०२० मध्ये कोविडने हे यंत्र घराघरांत पोचवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आओयागी वारले. मोठ्यांच्या बोटाला लावायची ती क्लिप तान्ह्या बाळाला चालत नाही. त्याला गुंडाळायचा मऊ प्रोब लागतो. एकदा उजव्या तळहाताला, एकदा कोणत्याही पावलाला, बाहेरच्या कडेशी. उजेड देणारी आणि उजेड टिपणारी बाजू बरोबर समोरासमोर. पाऊल गार असेल तर आधी ऊब द्यावी, बाळ रडत असेल तर थांबावे, आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहावा. उजवाच हात, कारण त्याची धमनी महाधमनीतून त्या वाहिनीच्या आधी फुटते. पावलाला मिळते ते पुढचे रक्त. दोन आकड्यांत तफावत पडली, तर कमी ऑक्सिजनचे रक्त मध्येच मिसळत असल्याची शंका घ्यायची.

अमेरिकेत २०११ पासून रुळलेली पद्धत सोपी होती. बाळ २४ तासांचे झाल्यावर मोजायचे. हातात किंवा पायात ९५ किंवा अधिक आणि फरक तीनपर्यंत, तर बाळ पास. कुठेही ९० च्या खाली, तर तत्काळ तपासणी. मधले काही आले, तर तासाभराने पुन्हा.

यामागचा पुरावा भक्कम आहे. पश्चिम स्वीडनमध्ये ३९,८२१ बाळे तपासली गेली, ब्रिटनमध्ये २०,०५५, चीनमध्ये एक लाखाहून अधिक. २०१२ मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा शंभर गंभीर दोषांपैकी सुमारे ७६ या चाचणीत सापडतात असे दिसले. २४ तासांनंतर मोजल्यास खोटी घंटा दोन हजारांत साधारण एकदाच वाजते; आणि त्या ‘खोट्या’ बाळांतही जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनिया निघतो, म्हणजे तो वेळ वाया जात नाही. अमेरिकी राज्यांत न्यू जर्सीने २०११ मध्ये सर्वांत आधी ही चाचणी कायद्याने सक्तीची केली. पुढे सक्ती असलेल्या राज्यांत या दोषांमुळे होणारे बालमृत्यू सुमारे ३३ टक्क्यांनी घटल्याचे २०१७ च्या अभ्यासात आढळले.

उरलेले २४ टक्के विसरता येणार नाहीत. महाधमनी अरुंद असण्याचा दोष, म्हणजे कोआर्क्टेशन, या चाचणीतून बऱ्याचदा निसटतो. जांघेतली नाडी बोटाने चाचपण्याचे काम यंत्र आले म्हणून संपत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमध्ये, म्हणजे महाराष्ट्रातच झाली, आणि त्याच्या यादीत जन्मजात हृदयदोष पहिल्यापासून आहेत. केरळने ‘हृद्यम’ योजनेतून निदानापासून शस्त्रक्रियेपर्यंतची साखळी बांधली. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रसूतिगृहाला तेवढीच पक्की साखळी हवी, कारण नुसता आकडा कळून बाळ वाचत नाही. टूडी एको जवळ नसेल तर हृदयकेंद्राला फोन लागला पाहिजे. वाहिनी उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन फ्रिजमध्ये हवे, आणि ते सुरू केल्यावर बाळाचा श्वास थांबू शकतो हे माहीत असलेला माणूस, श्वास देण्याच्या साधनांसह, रुग्णवाहिकेत हवा. तालुक्याच्या गावी आज यातली एखादी कडी निखळलेली असते, आणि आईबापांना त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून या परिषदेने एक ठराव करावा. डिस्चार्ज कार्डावर वजन आणि लसींच्या शेजारी दोन चौकटी छापाव्यात, ‘उजवा हात’ आणि ‘पाऊल’, खाली मोजल्याची वेळ आणि सिस्टरची सही. त्या रिकाम्या असतील, तर नातेवाइकांनी रिक्षा बोलावली असली तरी बाळ वॉर्डातच ठेवावे, आणि मोजणी होईपर्यंत त्यांना थांबवण्याचा पूर्ण अधिकार त्या पाळीतल्या सिस्टरला द्यावा.