फीबरोबर थोडा वेळही द्या

(आदिवासी मुलांच्या शिक्षणकार्याचे हितचिंतक व मंडळीचे सभासद यांच्यासमोर छत्रपती संभाजीनगर येथे केलेले भाषण)





आपल्या सभांत मुलांच्या फीबद्दल, वह्यापुस्तकांबद्दल आणि वसतिगृहाच्या धान्याबद्दल नेहमी बोलणे होते. तुम्ही मोकळ्या मनाने देता, म्हणून सोयगाव, कन्नड, सिल्लोड या भागातल्या वस्त्यांवरची भिल्ल, ठाकर, कोळी महादेव मुले शहरात राहून शिकत आहेत. त्याबद्दल देवाचे आभार. आज मात्र मी पैसे मागायला उभा नाही. तुमच्या वर्षातले चार दिवस मागायला उभा आहे.

कॉलेजात प्रवेश मिळणे वेगळे आणि पदवी घेऊन बाहेर पडणे वेगळे. मी बरीच वर्षे महाविद्यालयात शिकवले. मध्येच शिक्षण सोडणारी आदिवासी मुले मी पाहिली, त्यांतली पुष्कळ अभ्यासात चांगली होती. ती अडली ती माहितीपाशी. कोणता विषय घेतल्यावर कोणता रस्ता बंद होतो, कोणता फॉर्म कधी भरायचा, कोणता दाखला आधीच काढून ठेवायचा, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ज्या घरात वडील, मावशी किंवा चुलतभाऊ कॉलेजात गेलेला असतो, तिथे या गोष्टी जेवताना कानावर पडतात. आपली मुले घराण्यात पहिलीच कॉलेजात जाणारी आहेत. ती विचारणार कोणाला?

आपल्या शहराला हा प्रश्न नवा नाही. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा त्याला उत्तरे देणारा भिक्खू. शिकायला ही दोन्ही माणसे लागतात. पवित्र शास्त्रात फिलिप्पाची गोष्ट आपण वाचतो. रथात बसून वाचणाऱ्या त्या कूशी अधिकाऱ्याला ग्रंथाचा अर्थ लागत नव्हता. फिलिप्प रथात चढला, त्याच्याजवळ बसला आणि मग समजावून सांगू लागला. आपल्यालाही मुलांच्या जवळ बसायचे आहे.

दहावीनंतरचा पहिला वळणरस्ता

पहिली अडचण अकरावीला येते. कन्नड तालुक्यातल्या वस्तीवरची एक मुलगी धरा. तिला नर्स व्हायचे आहे. कला शाखा जवळच्या कॉलेजात आहे आणि सोपी आहे असे ऐकून ती कला घेते. बारावीनंतर तिला कळते की बी.एस्सी. नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. तो दरवाजा दोन वर्षांपूर्वीच बंद झालेला असतो. अशा वेळी तिच्याजवळ बसलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. ए.एन.एम. आणि जी.एन.एम. या अभ्यासक्रमांना कला शाखेची मुलगीही अर्ज करू शकते. ही माहिती मिळाली तर ती रडत घरी न जाता अर्ज भरायला जाईल.

मुलाला पोलीस शिपाई व्हायचे असेल तर भरतीला बारावी पास लागते. राज्यसेवेची परीक्षा द्यायची असेल तर पदवी हवी. शेती किंवा अभियांत्रिकीची पदवी हवी असेल तर विज्ञान शाखा हवी. हाताने काम करण्याची आवड असेल तर आय.टी.आय. आहे, आणि दोन वर्षांचा ट्रेड चांगला केला तर पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही आहे. म्हणून मुलाला ‘काय शिकणार?’ असे विचारू नका. ‘काय व्हायचे आहे?’ असे विचारा आणि तिथून मागे मोजत या.

कम्युनिटी कॉलेजचाही उल्लेख करतो. ज्यांना मोठ्या कॉलेजात जागा किंवा सवड मिळत नाही, त्यांना जवळच कामधंद्याचे शिक्षण देणारी ही शाळा. आपल्या देशात १९९५ साली पुदुच्चेरीत तिची सुरुवात झाली, आणि लगेच पुढच्या वर्षी चेन्नईत चर्चने असे कॉलेज काढले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ नंतर त्यासाठी योजना आणली. असा अभ्यासक्रम निवडताना प्रवेशाआधी दोन प्रश्न विचारावेत. प्रमाणपत्राला मान्यता कोणाची? आणि हे झाल्यावर पुढे कोणत्या वर्गात बसता येते? उत्तर लेखी मिळाले तर उत्तम.

क्रेडिटचा हिशोब

२०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाची पद्धत आली. आपली बहुतेक मुले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत शिकतात, म्हणून हे आपल्याला समजले पाहिजे. सरकारी भाषेत याला श्रेयांक म्हणतात, मुले क्रेडिट म्हणतात. वर्गात शिकण्याचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. एका सत्रात साधारण २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६.

आता हे क्रेडिट एकाच विषयाचे नसतात. मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा विषय, कौशल्याचा विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, असे किती तरी रकाने असतात. मुलांना वाटते की मुख्य विषय तेवढा सांभाळला की झाले. दोन क्रेडिटच्या विषयाकडे ती पाहतही नाहीत. पण पदवी द्यायच्या वेळी एकेका रकान्याची बेरीज तपासली जाते आणि दोन क्रेडिट कमी पडले तरी पदवी अडते.

मध्येच थांबण्याची सोय आहे हेही मुलांनी ऐकलेले असते. पहिले वर्ष पूर्ण करून थांबले तर प्रमाणपत्र, दुसरे करून थांबले तर पदविका. हे खरे आहे. पण त्यासाठी त्या टप्प्यावर चार क्रेडिटचे कौशल्याचे काम किंवा इंटर्नशिप जास्तीची करावी लागते. ते न करता मूल गावी निघून गेले तर वर्ष पास होऊनही हातात प्रमाणपत्र येत नाही. परत यायचे असेल तर तीन वर्षांच्या आत यावे आणि सगळे मिळून सात वर्षांत पदवी पुरी करावी, असा नियम आहे. घरी अडचण आली आणि मूल निघालेच, तर निघण्यापूर्वी हे चार वाक्यांत सांगणारा कोणी तरी असावा. नाही तर तात्पुरते थांबणे कायमचे होते.

कमावलेले क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. तिथे खाते उघडताना आधारवरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळावे लागते. आपल्या मुलांच्या बाबतीत एका कागदावर आडनाव आहे, दुसऱ्यावर जमातीचेच नाव आडनाव म्हणून लावलेले आहे, तिसऱ्यावर वडिलांचे नाव चुकले आहे. हे पहिल्याच वर्षी दुरुस्त करून घ्यावे.

दाखल्यांची वेळ

अनुसूचित जमातीच्या मुलाला जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाच्या वेळी धावपळ करून ते मिळत नाही. अर्ज अकरावी-बारावीत असतानाच करावा. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे भक्कम मानले जातात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जमिनीचे कागद, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, किंवा वडिलांकडच्या नातेवाइकाला आधी मिळालेले वैधता प्रमाणपत्र.

ज्यांच्या आजोबांनी शाळा पाहिली नाही आणि ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांनी हे कुठून आणायचे? त्यात मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुन्या नोंदी बऱ्याचदा उर्दूत आहेत. तुमच्यात उर्दू वाचणारे वडीलधारे असतील, महसूल खात्यातून निवृत्त झालेले असतील. तहसील कार्यालयात मुलाच्या वडिलांबरोबर एक दिवस जाणे ही त्यांच्याकडून मोठी सेवा होईल. आणि एक गैरसमज दूर करतो. अनुसूचित जमातींच्या यादीला धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातींच्या आदेशात आहे. या दोहोंची गल्लत होऊन आपल्यातले काही पालक अर्जच करत नाहीत.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी करायचा असतो. एकदा मिळाली म्हणजे पुढे आपोआप मिळते, असे नाही. बँक खाते आधारला जोडलेले हवे आणि हजेरी राखलेली हवी. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्यातून जेवण आणि राहण्याचा खर्च थेट खात्यात येतो. या योजनेचा लाभ आपल्या मुलांनी घेतला, तर आपल्या देणगीतून आणखी एखाद्या मुलाची सोय होईल.

उसाचा हंगाम आणि परीक्षा

दसरा-दिवाळीच्या सुमाराला डोंगरपट्ट्यातली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पहिल्या सत्राची परीक्षाही त्याच दिवसांत येते. एका मुलाचे सांगतो, नाव सांगत नाही. तो दुसऱ्या वर्षाला होता. वडील आजारी पडले, कोयत्याची उचल आधीच घेतलेली होती, म्हणून तो आईबरोबर फडावर गेला. लेखी परीक्षेला तो कसाबसा येऊन गेला आणि पासही झाला. पण फील्ड प्रोजेक्ट राहिला. तो परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून होत नाही, त्याला दिवस द्यावे लागतात. पुढच्या वर्षी तो प्रोजेक्ट परत करता येतो हे त्याला कोणी सांगितले नाही. आपण नापास झालो असे समजून तो परत आलाच नाही. आज तो मुकादमाच्या हाताखाली आहे. ऑक्टोबरमध्ये कोणी एक फोन केला असता आणि त्याने जाण्यापूर्वी विभागप्रमुखांची भेट घेतली असती, तर तो प्रोजेक्ट आपल्या फडावरच्या लोकांवरही करू शकला असता.

आपण काय करायचे

मी तुमच्याकडे चार भेटी मागतो. आपल्यातल्या ज्यांनी कॉलेज पाहिले आहे, नोकरी केली आहे, त्यांनी दोन किंवा तीन मुले आपली मानावीत आणि वर्षातून चार वेळा त्यांच्याजवळ तासभर बसावे.

जूनमध्ये, प्रवेशाच्या वेळी: काय व्हायचे आहे ते ऐकावे आणि विषयांची यादी बरोबर घेऊन वाचावी. ऑगस्टमध्ये: शिष्यवृत्तीचा अर्ज, बँक खाते, नावांची जुळणी. दसऱ्याआधी: परीक्षेचा फॉर्म, हजेरी, आणि घरची माणसे कुठे जाणार आहेत याची विचारपूस. जानेवारीत, निकाल लागल्यावर: किती क्रेडिट झाले, कोणते राहिले, ते परत केव्हा देता येतील.

प्रत्येक मुलाची एक वही असावी. डाव्या पानावर लागणारे क्रेडिट, उजव्या पानावर मिळालेले. ही वही मुलानेच लिहावी, आपण लिहू नये. नियम बदलतात, म्हणून ‘मला वाटते’ असे सांगू नये. विद्यापीठाचे परिपत्रक पाहावे, नाही तर मुलाबरोबर कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारावे. खिडकीवर एकट्या मुलाला ‘उद्या ये’ म्हणतात. बरोबर मोठे माणूस असले तर बहुतेक वेळा आजच ऐकून घेतात. हे योग्य नाही, पण आज तरी असे आहे.

ज्यांचे दुकान, दवाखाना, वर्कशॉप किंवा कार्यालय आहे, त्यांनी एखाद्या मुलाला प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी घ्यावे. तोही अभ्यासक्रमाचाच भाग आहे, आणि शहरात ओळख नसल्यामुळे आपल्या मुलांना अशी जागा लवकर मिळत नाही.

एक विनंती. मुलासाठी आपण निर्णय घेऊ नये. ज्या मुलीला शेतीत रस आहे तिला आपल्या हौसेसाठी नर्स करू नका. तिला सगळे रस्ते दाखवा, प्रत्येक रस्त्याला काय लागते ते सांगा, आणि मग तिला निवडू द्या. तिने निवडलेला रस्ता कठीण असेल तर तसेही प्रेमाने सांगा. आदिवासी माणसाने आपल्याबद्दलचे निर्णय दुसऱ्यांना घेताना खूप पाहिले आहे.

सभा संपल्यावर दाराजवळ एक कागद ठेवलेला आहे. ज्यांना दोन मुलांची जबाबदारी घेता येईल त्यांनी नाव लिहावे, आणि आपण काय शिकलो, कुठे काम केले तेही लिहावे. उर्दू वाचता येत असेल तर आवर्जून लिहावे. पहिली भेट जूनच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर वसतिगृहातच ठेवू. मुले वह्या घेऊन बसलेली असतील.

देव तुमच्या वेळेला आशीर्वाद देवो.