नळाचे पाणी आणि येनची परतफेड



परकीय कर्जाची चर्चा बहुधा दिल्ली आणि वॉशिंग्टनपुरती होते. बेंगळुरूच्या कोरमंगला भागातील नळापाशी उभे राहूनही ती करता येते. येथे येणारे कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरांवरून, सुमारे 500 मीटर उंच उपसून आणलेले असते. या योजनेच्या चौथ्या टप्प्याच्या उत्तरार्धासाठी 2005 साली जपानच्या सरकारी बँकेकडून येनमध्ये कर्ज घेण्यात आले. व्याज अल्प, मुदत दीर्घ.

कर्ज स्वस्त खरे. परंतु विकसनशील देशाच्या अर्थव्यवस्थेतील मूळ अंतर्विरोध येथेच आहे. पाणीपट्टी रुपयांत वसूल होते, हप्ता येनमध्ये फेडावा लागतो. नळ येन मिळवीत नाही. परकीय चलन मिळते ते निर्यातीतून, परदेशी राबणाऱ्या मजुरांनी घरी धाडलेल्या पैशातून. तेही अपुरे पडले तर नव्या कर्जातून. 2005 साली 100 येनला सुमारे 40 रुपये पडत. 2012 साली, हा टप्पा पुरा झाला तेव्हा, 65 हून अधिक पडू लागले. पाणी ठरले होते तेवढेच, कर्जाचे येनही तेवढेच. रुपयांतील बोजा मात्र दीडपटीहून जड झाला. पुढे येन घसरला व बोजा काहीसा उतरला, हेही सांगितले पाहिजे. पण ते टोकियोच्या बाजारात घडले. बेंगळुरूच्या हाती त्यातले काहीच नव्हते.

साऱ्या देशावर हीच पाळी 1991 साली आली होती. परकीय गंगाजळी आटली आणि जुलैत सुमारे 47 टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले. त्याच महिन्याच्या 1 व 3 तारखेला रुपयाचे अवमूल्यन झाले. नवा एक डॉलरही न घेता जुन्या प्रत्येक परकीय कर्जाचा रुपयांतील आकडा तीन दिवसांत फुगला.

हा तोटा कोणी सोसायचा? पूर्वी हुंडणावळीचा धोका केंद्र सरकार पत्करीत असे. बाराव्या वित्त आयोगानंतर, 2005 पासून, बहुतेक राज्यांना परकीय कर्ज मूळ अटींवरच पुढे दिले जाते. म्हणजे धोका राज्याच्या तिजोरीवर. कावेरीच्या पाचव्या टप्प्यासाठीही जपानचेच कर्ज घेतले गेले. ऑक्टोबर 2024 मध्ये तो सुरू झाला, रोजचे 77.5 कोटी लिटर पाणी वाढले. एप्रिल 2025 मध्ये, 11 वर्षांनंतर, पाणीपट्टी वाढली. कारण दिले गेले वीज व देखभालीच्या खर्चाचे.

कर्जच नको, असे म्हणणे सोपे आहे. 2024 च्या उन्हाळ्यात याच शहरात टँकरचे दर सरकारला बांधून द्यावे लागले होते. टँकरवाल्याचे पाणी कर्जाच्या पाण्याहून महाग पडते, आणि सर्वांत महाग पडते ते झोपडपट्टीला. म्हणून मागणी नेमकी हवी: येनचा भाव चढला तर वाढीव हप्ता पाणीपट्टीतून वसूल होणार की तिजोरीतून, हे करारावर सही होण्यापूर्वी विधानसभेपुढे मांडले जावे.