निघण्याची वेळ

श्रोतेहो, कार्तिकांत आवळीभोजनासाठीं नाशकाबाहेर जाणाऱ्या मंडळींस सायंकाळचा एक क्षण परिचित असेल. पत्रावळी उचललेल्या असतात, मुलें झाडाखालून हलत नाहींत, आणि कोणी वडीलधारे म्हणतात, "चला, दिवस मावळला." अशाच क्षणाचें एक चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. चित्रकार आंत्वान वातो.

हा १६८४ सालीं जन्मला. बाप छपरें शाकारणारा. राजाच्या कला-अकादमीस त्यानें हें चित्र १७१७ त सादर केलें. तेव्हां साताऱ्यास शाहू महाराज राज्य करीत होते व बाळाजी विश्वनाथ पेशवे होते. फ्रान्समध्यें चौदावा लुई १७१५ त निवर्तला होता, आणि दरबारी मंडळी व्हर्सायचा जाच सोडून पॅरिसला परतली होती. पुढें रोकोको म्हणून जी नाजूक शैली बहरली, तिचा उगम याच मोकळिकींत आहे.

चित्रांतील स्थळ सिथेरा, म्हणजे प्रेमदेवता व्हीनसचें बेट. उजवीकडे वृक्षांखालीं तिचा पुतळा, त्यावर फुलांच्या माळा. त्याजवळ एक जोडपें बोलण्यांत गुंग आहे. दुसऱ्या स्त्रीस तिचा सखा हात देऊन उठवीत आहे. तिसरी निघाली आहे, परंतु मान वळवून मागें पाहत आहे. डावीकडे पाण्याशीं नौका, वर उडणारे बालमदन, आणि पलीकडचे डोंगर स्वप्नासारखे धुक्यांत विरलेले.

शिल्पकार रोदँ यास या तीन जोडप्यांत एकाच प्रणयाच्या तीन पायऱ्या दिसल्या. परंतु मंडळी बेटाकडे निघाली आहे, कीं बेटाहून परतत आहे? पहिलेंच उत्तर दीर्घकाळ रूढ होतें. १९६१ त मायकेल लेव्ही या इंग्रज कलेतिहासकारानें विचारलें: पुतळा येथेंच आहे, माळा वाहून झाल्या आहेत, मग ही परतीची वेळ नव्हे काय? वाद अद्याप मिटलेला नाहीं. वातो स्वतः क्षयानें खंगून १७२१ त, अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं, वारला. देवळालीस हवापालटाला येणारीं माणसें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस अशा मनुष्यानें रंगविलेल्या सायंकाळीचें मोल सांगावयास नको.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळीं तरुण विद्यार्थी या चित्रावर पावाच्या गोळ्या फेकीत, असें सांगतात. रिकामटेकड्या धनिकांचा विलास, हा त्यांचा आक्षेप. तो अगदींच खोटा नाहीं. नौकेवर वल्हीं धरणारे नावाडी कोणाच्या ध्यानांत राहतात? आपल्याही वनभोजनांत पहाटेपासून चुलीशीं कोण होतें, हें विचारून पाहावें.

तथापि ती मागें पाहणारी स्त्री मला विलासी वाटत नाहीं. वर्षांतून एक दिवस घराबाहेर पडलेल्या आपल्या घरच्या बायका अशाच वळून पाहतात. पुढें रात्रीचा स्वयंपाक वाट पाहत असतो. म्हणून श्रोतेहो, पुढील खेपेस "चला" म्हणण्यापूर्वीं घटकाभर थांबा. सकाळचे डबे तुम्ही भरा, आणि तिला तें झाड डोळे भरून पाहूं द्या.