रतनगडाची वाट

जालन्याच्या सपाट, काळ्या जमिनीच्या मुलुखात राहणाऱ्या माणसाला डोंगर म्हणजे उत्तरेकडील अजिंठ्याची निळसर रेघ. अशा माणसाने एकदा तरी अकोले तालुक्यातील रतनगड चढावा, असे मी आग्रहाने म्हणेन. आणि तेही हवापालटासाठी नव्हे, तर आपल्या घरातील तांब्याभर पाणी कोठून निघते हे पाहण्यासाठी.

पायथ्याच्या रतनवाडीत अमृतेश्वराचे प्राचीन देवालय आहे. तेथून वाट प्रवरेच्या पात्रास धरून रानात शिरते व ते पुनःपुन्हा ओलांडते. येथे नदी कसली, दगडगोट्यांतून वाहणारा ओढाच तो! हिरड्याची झाडे, करवंदीच्या जाळ्या, सात वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी. झाडी इतकी दाट की माथा कोणत्या बाजूस आहे हेच उमजत नाही. हरिश्चंद्रगडाचा फाटा सोडला की चढ कठीण होतो, आणि कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या चढून आपण गणेश दरवाजापाशी येतो. शिड्यांवर घाई करू नये; पावसाळ्यात तर त्या फारच निसरड्या.

माथा सुमारे ४,२५० फूट उंच. तेथे वाऱ्यापावसाने कातळास आरपार पाडलेले नेढे आहे. त्यापाशी उभे राहिले असता उत्तरेकडे अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई दिसतात. पश्चिमेस पायाखाली थेट कोकण. त्या बाजूस पडलेला पाऊस अरबी समुद्रास जातो. पूर्वेकडचा प्रवरेवाटे भंडारदऱ्याच्या, १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणात साठतो. पुढे कालव्यांतून व उसाच्या मळ्यांतून जे उरेल ते प्रवरासंगमास गोदावरीत मिसळून पैठणच्या जायकवाडीत येते, आणि तेथून नळाने जालन्यात!

अवर्षणाच्या वर्षी वरच्यांनी खाली किती पाणी सोडावे याचा वाद पेटतो. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ साली झाला, तरी वाद कोर्टात जातोच. आमची मागणी रास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु 'वरचे' म्हणून आपण सरसकट ज्यांना दूषणे देतो, त्यांत या डोंगरांतील महादेव कोळ्यांच्या वाड्याही येतात. येथे पावसाळ्यात आभाळ फाटते, आणि वैशाखात बायका हंडे घेऊन दूरच्या झऱ्यावर जातात. धरण डोळ्यांसमोर, पण ते खाली आणि वाडी वर.

गडावर कातळात खोदलेली टाकी आहेत. त्यांतील पाणी चढून आलेले लोक अजूनही पितात. तेव्हा त्यांत हातपाय धुऊ नयेत, आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या नेल्या तशाच खाली आणाव्यात.