रुग्णसाहाय्याची हाक आणि आपली शंका
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात सातारा येथे केलेले भाषण)



कृष्णा-कोयनेच्या काठावरील गावांतून आणि माणदेशाच्या माळावरून आपण सर्व मंडळी वर्षातून एकदा येथे एकत्र जमतो. विद्यार्थ्यांचे सत्कार होतात, हिशेब वाचले जातात, वधूवरांच्या याद्या होतात. अशा आनंदाच्या प्रसंगी थोडा कटू विषय मांडण्याची अनुज्ञा आपण आम्हांस द्यावी. घरातले दुखणे घरातच बोलावे लागते, आणि हे दुखणे आपल्या संघाच्या घरातले आहे.

आजकाल प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर आठवड्यास दोन-तीन तरी हाका येतात. कोणाच्या मुलाचे हृदय, कोणाचे मूत्रपिंड, कोणाचा अपघात. सोबत छायाचित्र, रुग्णालयाचा कागद आणि पैसे पाठविण्याची खूण असते. त्यापाठोपाठ दुसरा संदेश येतो: ‘हे खरे कशावरून?’ पहिली हाक वाचून जो हात खिशाकडे गेलेला असतो, तो दुसऱ्या संदेशाने परत येतो. या परत आलेल्या हाताविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

प्रथम शंकेची बाजू मांडू, कारण ती खोटी नाही. दुसऱ्याच्या आजारी लेकराचे छायाचित्र उचलून, त्याखाली आपला खातेक्रमांक घालून पैसे लुबाडणारे लोक आहेत. आपल्या संघानेही एकदा असा चटका घेतला आहे. एक अनोळखी गृहस्थ कागदांची जाड फाइल घेऊन आले, डोळ्यांत पाणी आणून बोलले, आणि आम्ही मंडळींनी त्याच बैठकीत आठ हजार रुपये काढून दिले. पुढे ते कागद बनावट निघाले. दुधाने तोंड पोळले म्हणजे मनुष्य ताकही फुंकून पितो. मात्र आम्ही ताक नुसते फुंकीत बसलो आणि तहानेला जीव तसाच राहिला, ती हकिगत आता सांगतो.

तीन वर्षांमागे, ऐन भाद्रपदात, आपल्याच एका तरुण बांधवास पुणे-बंगळूर महामार्गावर अपघात झाला. मेंदूस मार लागला होता. घरच्यांनी साहाय्याची हाक दिली. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी लिहिले की, हेच छायाचित्र दोन वर्षांपूर्वीही आले होते. आणखी कोणी लिहिले की, यांचे दुमजली घर आहे, शेत आहे, मग हात का पसरतात? आमच्या कार्यकारिणीने ‘प्रथम खात्री करावी’ असा ठराव केला. ठराव उत्तम होता. खात्री कोणी करावी, हे मात्र त्यात लिहिलेले नव्हते. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी त्या तरुणाचे वृद्ध वडील प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन संघाच्या कचेरीत आले. ते बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “पैसं नसतील तर देऊ नगासा. पन आमी खोटं बोलतोय, आसं तेवढं म्हनू नगासा.”

त्या दिवशी आम्ही रुग्णालयास दूरध्वनी केला, कागदावरील नोंदणी क्रमांक सांगितला, वडिलांची संमती कळविली. दोन तासांत सर्व खरे ठरले. जुने छायाचित्र भलत्याच मनुष्याचे होते. दुमजली घराचा वरचा मजला कर्जाचा होता, शेताच्या सातबाऱ्यावर चार भावांची नावे होती, आणि कारखान्याचे ऊसबिल यावयाचे होते. खात्री करण्यास दोन तास लागले. न करण्यास अकरा दिवस लागले होते. तरुण ईश्वरकृपेने वाचला. परंतु त्या अकरा दिवसांत घरच्यांनी वाट्याचे अर्धा एकर रान मिळेल त्या भावाने विकले होते. ते रान काही परत आले नाही, आणि ते वडीलही त्यानंतर मेळाव्यास आले नाहीत.

बंधुभगिनींनो, शंका घेणे हा दोष नव्हे. शंका घेऊन स्वस्थ बसणे हा दोष होय. आपण चौकशी केली नाही, तर लबाडाचे काही बिघडत नाही. तो दुसरे गाव गाठतो. बुडतो तो खरा गरजू, कारण त्यास दुसरे गाव नसते.

याच साताऱ्याने लोकवर्गणीचा उत्तम पाठ महाराष्ट्रास दिला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले. घरोघरची मूठ मूठ धान्य गोळा होई, आणि प्रसंग आला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या पोटाची सोय केली. लोकांनी विश्वास टाकला, कारण दिलेली मूठ कोणाच्या ताटात पडते हे त्यांस डोळ्यांनी दिसत होते. सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत होती. आज देणारा कराडला आणि रुग्ण मुंबईला असतो. मध्ये ओळखीचा मनुष्य उरलेला नाही. शंका उपजते ती या रिकाम्या जागेत. ती जागा भरणे हे संघाचे काम आहे.

रकमाही आता पूर्वीच्या राहिल्या नाहीत. स्नायू दुर्बळ करणाऱ्या एका आनुवंशिक विकारावर अमेरिकेत 2019 साली मान्यता मिळालेल्या औषधाच्या एकाच मात्रेची किंमत आपल्याकडे 16 कोटी रुपये सांगितली गेली. 2021 साली मुंबईच्या एका तान्ह्या बालिकेसाठी लोकांनी ही रक्कम उभारली, आणि केंद्र सरकारने आयातीवरील कर माफ केले. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका बालिकेसाठीही लोकांनी निधी जमविला. तिला औषध मिळाले, परंतु पुढे काही आठवड्यांतच ती दगावली. हाक खरी असली आणि पैसाही वेळेवर पोहोचला, तरी यश हाती नसते. म्हणून रुग्ण दगावला की मागील हाकेस खोटे ठरविणे हा मोठा अन्याय होय. त्याच साली केरळात एका बालकासाठी 18 कोटींची मागणी असता 46 कोटींहून अधिक जमले, आणि ‘आता पैसे पाठवू नका’ असे जाहीर करावे लागले. तेथे गावच्या प्रतिष्ठित मंडळींची उपचार समिती पुढे उभी होती. हाकेमागे कोणी जबाबदार मनुष्य उभा असला म्हणजे लोक ओंजळ भरभरून देतात.

शंकेस वाट करून द्यावयाची ती कशी? हे काम अवघड नाही. रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक पाहावे आणि त्यावरील रुग्णक्रमांक टिपून घ्यावा. हाकेत दिलेल्या क्रमांकावर विसंबू नये. रुग्णालयाचा दूरध्वनी आपण स्वतंत्रपणे शोधून त्यावर विचारावे. कुटुंबाची लेखी संमती सोबत असावी, कारण तिच्यावाचून रुग्णाची माहिती परक्यास देणे रुग्णालयास उचित नाही. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांस भेटावे. रक्कम शक्यतो रुग्णालयाच्याच खात्यात भरावी. उरलेल्या पैशाचे काय करावयाचे, हे आधीच लिहून घ्यावे.

वर्गणीपूर्वी हक्काचे काय आहे हेही पाहावे. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून आरंभ झालेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना आहे. मुख्यमंत्री सहायता निधी आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखावयाच्या असतात. दुर्मिळ आजारांसाठी केंद्राच्या 2021 च्या धोरणान्वये ठरावीक रुग्णालयांतून मिळणारे साहाय्य 2022 मध्ये 50 लाखांपर्यंत वाढविण्यात आले. आपल्या कित्येक कुटुंबांस यातील काहीही ठाऊक नसते, आणि ती थेट सावकाराच्या उंबऱ्यावर जातात. चौकशीस गेलेला मनुष्य ही माहिती घेऊन गेला, तर त्याची चौकशी हेच पहिले साहाय्य ठरेल.

यासाठी आमची नम्र सूचना अशी की, संघाने तिघांची रुग्णसाहाय्य समिती नेमावी. त्यात एक वैद्यकीय व्यवसायातील व्यक्ती, एक हिशेब जाणणारे निवृत्त गृहस्थ आणि एक भगिनी अवश्य असावी. कारण स्त्रीरुग्णाच्या घरी कित्येक गोष्टी पुरुषांपुढे बोलल्या जात नाहीत. हाक आल्यापासून दोन दिवसांत समितीने ‘पडताळली’, ‘पडताळता आली नाही’ किंवा ‘खोटी आहे’, यांपैकी एक उत्तर लेखी द्यावे. तोवर कोणीही जाहीर शंका लिहू नये. शंका असेल तर समितीस कळवावी. रुग्णाचे छायाचित्र फिरवू नये. कोणाच्या दैन्याचे प्रदर्शन मांडल्यावाचून ज्यास पाझर फुटत नाही, त्याने आपले मन तपासावे. आणि प्रत्येक पैशाचा हिशेब याच स्मरणिकेत, कुटुंबाचे नाव न घालता, दरवर्षी छापला जावा. लोकांकडून वर्गणी गोळा करण्यासंबंधी याच 1950 च्या अधिनियमात तरतूद आहे. तिचे पालन चिटणिसांनी धर्मादाय कार्यालयात विचारून करावे.

कोणी म्हणतील, हे आपल्या ज्ञातीपुरतेच ना? आमचे म्हणणे तसे नाही. आपल्या माणसांची पडताळणी आपणांस सुलभ आहे, म्हणून आरंभ घरापासून करावयाचा, इतकेच. गावातील अन्य समाजाच्या घरातून हाक आली, तर त्याच समितीने त्याच तत्परतेने उठावे. रुग्णालयाच्या खाटेवर जात विचारली जात नाही. वर्गणीच्या वहीतही ती विचारली जाऊ नये.

देणे हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर आहे. फूल नसेल तर पाकळी द्यावी. पाकळीही नसेल तर दोन तासांची चौकशी द्यावी. त्या वृद्ध गृहस्थांनी पैसे मागितलेच नव्हते. आपल्या शब्दावर विश्वास ठेवला जावा, एवढेच त्यांचे मागणे होते. पुढील मेळाव्याचे पहिले निमंत्रण घेऊन कार्यकारिणीने त्यांच्या दारी जावे, आणि झालेला विलंब आपला होता असे त्यांस स्वमुखाने सांगावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.