हाती छापिलेले चित्र आणि त्याचे मोल
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाची स्मृती म्हणून प्रत्येक घरी एक चित्र जावे असे समितीने ठरविले, तेव्हापासून आपल्या मंडळींत दोन पक्ष पडले आहेत हे आम्हांस ठाऊक आहे. चित्र कोणते, याविषयी वाद नाही. मिसर देशास निघालेले पवित्र कुटुंब सर्वांस मान्य आहे. वाद आहे तो दामाचा. आपल्याच धर्मग्रामातील एका तरुण कन्येने, जिला कोणत्याही कचेरीची चाकरी नाही व जी केवळ कलेवर निर्वाह करू पाहते, हे चित्र लिनोलियमवर कोरून स्वहस्ते 60 प्रती छापून देण्याचे पत्करले आहे. प्रत्येक प्रतीस तिने 500 रुपये मोल सांगितले. यावर कित्येकांचे म्हणणे असे की, छापखान्यात हेच चित्र 50 रुपयांत, तेही सप्तरंगी, मिळेल; मग एका काळ्या ठशाला एवढे द्रव्य का मोजावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही उभे आहोत, आणि आमचे मत त्या कन्येच्या बाजूस आहे हे आरंभीच सांगून टाकतो.

प्रथम हे काम कसे होते ते पाहावे. लिनोलियम म्हणजे जवसाचे तेल, बुचाचा भुसा इत्यादी पदार्थ तागाच्या कापडावर थापून केलेली जाड चादर. तिच्यावर चित्र रेखून बारीक कोरण्यांनी कोरावयाचे. जेथे कोरले तेथे कागद पांढरा राहतो. जे राखले तेवढेच शाईने उमटते. एकदा निघालेली कपची परत चिकटत नाही. शिवाय ठशावरील चित्र कागदावर उलटे उमटते. आशीर्वाद देणाऱ्या प्रभूचा उजवा हात कोरणाऱ्याने डावा कोरला पाहिजे, नाहीतर प्रभू डाव्या हाताने आशीर्वाद देताना दिसेल! आपल्या चित्राखाली धर्मग्रामाचे नाव आहे. ते तिने अक्षर न् अक्षर उलटे कोरले आहे. मग रुळाने शाई लावावयाची, वर कागद पसरावयाचा, आणि लाकडी चमच्याच्या पाठीने तो इंच इंच घासावयाचा. एक प्रत निघाली की पुनः शाई, पुनः कागद. साठ वेळा. आणि ज्या प्रतीत शाई फिकी पडली ती तिने स्वतःच बाजूस काढावयाची.

छापखान्यातील चित्र भिंगाखाली धरून पाहा. तेथे केवळ रंगांचे ठिपके दिसतील. ते मूळ चित्राचे छायाचित्र होय. हाती छापिलेल्या चित्रास मात्र दुसरे मूळ नसते. साठही प्रती मूळच होत. म्हणूनच कलावंत प्रत्येकीखाली शिसपेन्सिलीने क्रमांक घालून सही करतो.

ही रीत ख्रिस्तसभेस नवीन नाही. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे आल्ब्रेख्त ड्यूरर नावाचा एका सोनाराचा पुत्र होऊन गेला. 1498 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या सुमारास, त्याने प्रकटीकरणाच्या ग्रंथावरील 15 काष्ठचित्रे स्वतःच्या जबाबदारीवर प्रसिद्ध केली. कोणा सरदाराने वा मठाने ती सांगितलेली नव्हती. त्याची आई व पत्नी बाजारांतून व जत्रांतून ही चित्रे विकीत असत. ज्यांच्या घरी रंगविलेले चित्र येणे कधीच शक्य नव्हते, त्यांच्या भिंतीवर प्रभूचे दुःखसहन अशा रीतीने पोचले. मोठ्या ‘ए’ अक्षराच्या कमानीखाली लहान ‘डी’, ही त्याची खूण. इटलीतील मार्कान्तोनियो राइमोन्दी याने पवित्र मरियेच्या जीवनावरील त्याची चित्रे खुणेसकट नकलून विकली. व 1511 साली ड्यूररने आपल्या पुस्तकांच्या अखेरीस नक्कल करणाऱ्यांस बादशहा मॅक्सिमिलियनच्या नावाने ताकीद छापली. नक्कल स्वस्त पडते, ही तक्रार पाचशे वर्षांची आहे.

ही चित्रे आमच्या बुलढाण्याच्या अगदी वेशीपर्यंत आली असावीत असे म्हटल्यास आपण हसाल. परंतु ऐका. 1580 साली धन्यवादित रुडॉल्फ अक्वाविवा, जे पुढे 1583 साली कुंकळ्ळी येथे रक्तसाक्षी झाले, ते व त्यांचे येशूसंघीय सोबती अकबर बादशहाच्या दरबारी गेले. त्यांनी अँटवर्प येथे छापलेले अनेकभाषी बायबल बादशहास नजर केले. त्यात तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रे होती. दरबारचे चितारी अशी चित्रे पाहून शिकले. अबुल हसन नावाच्या मुलाने तेराव्या वर्षी, 1600 साली, ड्यूररच्या क्रूसारोहणाच्या चित्रातील संत योहान रेखला. तो कागद आज ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. त्याच सुमारास अकबराची छावणी असीरगडास वेढा देऊन बसली होती, व त्याच्या समागमे फादर जेरोम झेव्हियर होते. असीरगड बऱ्हाणपुराजवळ, आणि बऱ्हाणपूर आपल्या जळगाव जामोदच्या वायव्येस! फादरांच्या पेटीत त्या वेळी कोणती चित्रे होती हे सांगणे आमच्या आवाक्याबाहेरचे. पण असे चित्र जवळ नसलेला त्या काळचा येशूसंघीय आमच्या कल्पनेत येत नाही.

आता अलीकडचे एक उदाहरण. चित्तप्रसाद भट्टाचार्य हे बंगालचे. आपल्या धर्माचे नव्हेत. 1943 च्या दुष्काळात त्यांनी मेदिनीपूर भागात पायी हिंडून उपाशी माणसांची चित्रे काढली, आणि त्यांचे पुस्तक निघताच सरकारने त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. 1946 पासून ते मुंबईस राहिले. पुढे त्यांनी आपला राजकीय पक्ष सोडला, आणि अंधेरीच्या लहानशा बिऱ्हाडात लिनोचे ठसे कोरीत दारिद्र्यात बहुतेक आयुष्य घालविले. राबणाऱ्या मुलांवरील त्यांची ठसाचित्रे 1969 साली युनिसेफच्या डेन्मार्कमधील समितीने पुस्तकरूपाने काढली. 1978 साली ते वारले. आता त्यांच्या चित्रांची प्रदर्शने भरतात. जिवंतपणी त्यांच्या एका ठशाचे दाम कोणी घासाघीस न करता दिले असते, तर ते आम्हांस अधिक आवडले असते.

दुसरा एक आक्षेप हळू आवाजात आमच्या कानी आला: चित्रातील मरियेस नऊवारी लुगडे का? गोव्याचे आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकून परतले व त्यांनी मरियेस साडी नेसविली, तेव्हा तेथेही पुष्कळांस राग आला. शेवटी ते पुण्यास ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले. 1963 साली व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट सांगितले की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही. हा विषय येथेच पुरे. गाठोडे डोक्यावर घेऊन कामासाठी परमुलखास निघालेले कुटुंब पाहिले नाही असा मनुष्य या जिल्ह्यात विरळा.

तर आता दाम. साठ प्रतींचे 30,000 रुपये होतात. त्यातून कागद, शाई व लिनो वजा जाता उरते ते अडीच महिन्यांच्या कामाचे वेतन. ती मागते ते एवढेच. कागद कापसाच्या चिंध्यांचा, हातकागद आहे. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पिवळा पडून तुटतो, हा पिढ्यान् पिढ्या टिकतो. आपण कापूस पिकविणारे लोक. खामगावच्या बाजारात गाडी उभी करून, भाव दुसऱ्याने सांगावा आणि आपण मान डोलवावी, हा अनुभव येथे बसलेल्या किती जणांस आहे! तोच भाव आपण आपल्या लेकीस सांगावा काय? कामकऱ्यास त्याच्या श्रमाचे योग्य वेतन मिळावे असे पोप तेरावे लिओ यांनी 1891 साली लिहिले, ते काही केवळ गिरणीमालकांपुरते नव्हते.

ज्या घरांस 500 रुपये जड जातील त्यांनी आम्हांस एकांतात सांगावे. समितीच्या निधीतून ती रक्कम भागेल व नाव कोणासही कळणार नाही. येत्या रविवारी मिस्सेनंतर क्रमांकांच्या चिठ्ठ्या निघतील. क्रमांक 1 भारी व 60 हलका असे कोणी मानू नये. साठ प्रतींनी लिनोचा ठसा झिजत नाही. छपाई संपताच ती आपणांसमक्ष ठशावर आडवी रेघ कोरील, म्हणजे एकसष्टावी प्रत निघणार नाही, आणि तो ठसा धर्मग्रामाच्या कपाटात राहील. चित्र काचेच्या चौकटीत, उन्हापासून दूर लावावे. कृपा करून कोणी त्याचे लॅमिनेशन करून आणू नये.